मोहरीएवढे टाके

११ नोव्हेंबर, निलंगा

आमच्या घरगाडीचा पहिला मुक्काम. नांदेडहून निघताना नणंद हाजराबी दारात उभी राहून म्हणाली, पक्कं घर सोडून माणसं गाडीत राहतात का. मी म्हटलं, हाव, राहतात. सलीम हसले आणि त्यांनी गाडी सुरू केली.

गाडी म्हणजे जुना टेम्पो ट्रॅव्हलर. सलीमनी हयातभर शाळेची बस चालवली. ते काम सुटल्यावर ही घेतली, सीटा काढून पलंग बसवला, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली, आणि माझ्यासाठी खिडकीशी एक दुमडती फळी ठोकली. त्या फळीवर मी वाकळ शिवते. गावोगाव जुनं कापड मागायचं आणि सगळ्या गावांची मिळून एक वाकळ करायची. शिवताना ऑडिओबुक लावते. मला उद्याच्या वाईट जगाच्या गोष्टी आवडतात. सध्याची आहे ती अशा शहराची, जिथं भोंगा वाजला की सगळ्यांनी झोपायचं, आणि एक बाई झोपायला नकार देते. सलीम म्हणतात, आजचं जग कमी पडतं का तुला. पण गाडी चालवताना तेही कान देऊन ऐकतात. मधेच बंद केलं तर विचारतात, पुढं काय झालं तिचं?

घरात आमची दखनी, पण लिहिते मराठीत. शाळा मराठी होती माझी, शिवाय हाजराबीला मराठी वाचता येत नाही.

लिंबाखाली गाडी लावलीय. जागा अमृतरावांची, मागं त्यांचा ऊस, पुढं स्लॅबचं घर. बोअरचं पाणी भरून घ्या म्हणाले, वर ऊसही दिला. सलीम दातांनी सोलत बसलेत. या वयात.

१२ नोव्हेंबर

अमृतरावांची सून तनुजा हिनं कंपाउंडच्या भिंतीवरून एक लुगडं दिलं. हिरवं इरकल, काठ अजून झळझळीत. सासूचं. सासू लक्ष्मीबाई श्रावणात वारल्या. त्यांच्या शिवणीचं गावभर नाव होतं. त्यांचा टाका मोहरीएवढा असायचा म्हणे.

मी तिला गाडी बघायला बोलावलं. ती फाटकापर्यंत आली आणि थांबली. लग्न होऊन आल्यापासून सासूनं तिला एकटीला फाटकाबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. मी विचारलं, आता कोण अडवतंय? तिनं माझ्या हातातल्या लुगड्याकडं बोट केलं. मग म्हणाली, "चाची, वाकळंला लावून टाका ते. आन् लई लांब न्या."

एवढं सुंदर लुगडं कापायला हात धजेना. घरून सुरू करून आणलेल्या वाकळेला अख्खंच अस्तर म्हणून लावायला घेतलं.

१३ नोव्हेंबर

सकाळी अस्तर जोडून झालं. जेवणानंतर दोघांचाही डोळा लागला. उठले तर गाडीत अंधार. खिडक्यांचे पडदे एकमेकांना शिवलेले, वरपासून खालपर्यंत. टाके इतके बारीक की नखानं चाचपून बघावे लागले.

सलीमची चेष्टा वाटली. पण त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. दाराची कडी आतून होती. मी पडदे उसवले. हातानं काम करताना विचार कमी येतात.

१४ नोव्हेंबर

दुपारी पलंगावरून उठायला गेले आणि मान मागं ओढली गेली. ओढणी गादीला शिवलेली होती. सलीमची बाही उशीला. आम्ही पलंगाखाली पाहिलं, टपावर पाहिलं, उसात शिरून पाहिलं. कोणी नाही. तनुजाला हाक मारली तर अमृतराव म्हणाले, ती घरात नाही, दुकानाला गेलीय. सांगताना त्यांनाच त्याचं नवल वाटत होतं.

सलीम म्हणाले, चल इथून. निघालो.

१५ नोव्हेंबर, जळकोट

गाव बदललं, टाके बदलले नाहीत. आज दाराची रबरी पट्टीच शिवून टाकलेली. आतून. कात्रीनं रबर कापून बाहेर आलो.

तनुजाला फोन लावला. ती बराच वेळ रडली, मग तिनं सगळं सांगितलं. ती दुपारी झोपली की लक्ष्मीबाई तिचा पदर पलंगाला शिवून ठेवत. उठली की टाका तुटायचा आणि त्यांना कळायचं. त्या गेल्यावरही पदर शिवलेलाच सापडायचा. तिनं लुगडं विहिरीत टाकलं, तर संध्याकाळी ते दांडीवर वाळत होतं. चुलीत घातलं, तर सकाळी कपाटात घडी घालून ठेवलेलं. मी ते माझ्या वाकळेला शिवलं आणि त्या दिवसापासून तिचा पदर मोकळा आहे. काल ती दुकानापर्यंत गेली. कुणालाही न विचारता.

तिनं माफी मागितली. परत आणून द्या म्हणाली.

सलीम संतापले. पोरीनं तिची पीडा आपल्या गळ्यात घातली म्हणाले, आणि गाडी निलंग्याकडं वळवली. मी हँडब्रेक ओढला. म्हटलं, तिनं फसवलं हे खरं. पण मी हे परत नेऊन तिच्या भिंतीवर टाकणार नाही. एक म्हातारी मेल्यावरसुद्धा बायकांना बांधून ठेवणार असेल तर तिला मी भेटलेय आता. सलीमनी माझ्याकडं पाहिलं. लग्नात पाहिलं होतं तसं. मग गाडी उत्तरेला वळवली.

१७ नोव्हेंबर, भोकरच्या अलीकडं

एक गोष्ट कळली. आवाज चालू असला की म्हातारी येत नाही. ऑडिओबुक स्पीकरवर लावून ठेवतो आणि आळीपाळीनं झोपतो. दोन दिवस एकही टाका नाही. चहाच्या टपरीवर गाडी थांबवून दोघांनी भजी खाल्ली. मी लुगड्यावरून माझे टाके घालायला सुरुवात केलीय. लाल दोऱ्यानं, मोठे मोठे, धसमुसळे. तिला राग येऊ दे.

तनुजाचा मेसेज आला. लातूरला मावशीकडं चाललीय, एसटीनं, खिडकीजवळ जागा मिळालीय.

१८ नोव्हेंबर, हिमायतनगर

फोन गरम होऊन बंद पडला. गाडीत शांतता झाली ते आम्हाला कळलंच नाही. आम्ही भर उन्हात बसल्या जागी झोपलो.

सलीमची दोन बोटं एकमेकांना शिवलेली. रक्त नाही. कातडी जणू कापडच. ते ओरडले नाहीत, फक्त हात पुढं केला. मी एकेक टाका कापला. प्रत्येक टाका सुटताना बारीक टक् असा आवाज यायचा. ते म्हणाले, तुझा हात स्थिर आहे.

मी त्यांना एसटीनं घरी जा म्हटलं. ते म्हणाले, मग गाडी कोण चालवील? तू?

१९ नोव्हेंबर

माझे लाल टाके उसवलेले. दोरा रिळावर नीट गुंडाळून ठेवलेला. मी पुन्हा घातले.

पुन्हा उसवले. पुन्हा घातले.

२० नोव्हेंबर, सकाळ

डोळा मिटला, एकदाच, घासभर भात तोंडात होता तेवढ्यात — उजवी पापणी. शिवलेली. आतून उजेड दिसतो, उघडत नाही.

तिथं कात्री लावायला सलीम तयार नाहीत. नांदेडला दवाखान्यात नेतो म्हणाले. निघालो.

वाकळ मांडीवर. ठेवायला गेले तर उजवा तळहात तिच्यात शिवलेला — बोटांसकट. डाव्या हातानं लिहितेय. अक्षर वाकडं येतंय.

फोन चालू होत नाही. सलीम बोलत राहिलेत, मला जाग यावी म्हणून. ऐकलेलं सगळं पुस्तक पहिल्यापासून सांगून राहिले, चुकीचं. मी दुरुस्त करते. झोपायला नकार देणाऱ्या बाईला ते नाव देतात — हुस्ना. माझं. तिचं नाव ते नव्हतं म्हटलं तर म्हणाले, आता हाय.

भोकर मागं पडलं.

वाकळ जड झालीय. कुणीतरी पलीकडच्या टोकाला बसल्यासारखी. सलीम बोलतायत, तरी दोऱ्याचा आवाज येतो. सर्र — सर्र —

पलीकडं बघणार नाही. लिहिणार.

सलीम गप्प झाले.

हाक मारली. उत्तर नाही. गाडी मात्र चालतेय, सरळ, नेहमीच्या वेगानं. आरशात त्यांचे डोळे दिसतात, उघडे. त्याखाली तोंडाच्या जागी एक बारीक रेघ — हिरवा दोरा —

थांबायचं का विचारलं. त्यांनी आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. नाही. गिअर बदलला.

लक्ष्मीबाई, ऐका. ती पोर लातूरला पोचली. तुम्ही तिथं परत जाणार नाही. ही वाकळ माझी आहे, गाडी आमची आहे, रस्ता — माझा डावा हात अजून मोकळा आहे, दातात दुसरी सुई आहे, तुम्ही शिवत बसा, मी उस