पेवावर बांधलेली म्हैस

मी, शकुबाई, कै. माणिकराव यांची पत्नी, वय अंदाजे चौसष्ट, राहणार मौजे सावरखेडा, तालुका कळमनुरी, जिल्हा परभणी. डोके ठिकाणावर आहे आणि कोणी भरीस घातलेले नाही. छावणीतून परतल्यापासून दोनदा छातीत कळ आली, म्हणून हे मृत्युपत्र आजच करते. मला लिहिता येत नाही. मी सांगते ते व्यंकटराव मास्तर लिहितात. माझी भाषा सुधारावी, म्हणणे सुधारू नये, असे त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.

कलम १. नवऱ्यामागे माझ्या नावावर झालेले राहते घर, बैलजोडी व औतफाटा पुतण्या संतराम यास. आईवेगळ्या पोराला मी वाढवले खरे, पण यंदा नदी ओलांडताना त्यानेच मला खांद्यावर घेतले. त्याचे उपकार मी मानते. पुढे मी त्याला रागे भरणार आहे, तरी घर त्याचेच. यात कोणतीही अट नाही.

कलम २. सोन्याच्या दोन पाटल्या संतरामची बायको शालूबाई हिला. तिच्या भाकरी जाड होतात हे मी गावभर सांगितले, आणि ते खरे आहे. पण छावणीत मला हगवण लागली तेव्हा तिने तोंड वाकडे न करता सगळे काढले. हळद शिजवायची कढई गावकीला. मागेल त्याला द्यावी, घासून परत घ्यावी. घोंगडी माझी जुनी मैत्रीण भिकाबाई हिला, तिने माझ्याआधी मरू नये.

कलम ३. गोठ्यातील पेवाची ज्वारी. याचे थोडे सांगावे लागेल.

मोठी लढाई कुठे, तर जर्मनीत. आणि ज्वारी कुणाची न्यायची, तर आमची. लेव्हीचे, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीचे, लोक येत आणि घरातले धान्य नेत. दाद मागायची कुणाकडे? वर निजामाचे सरकार, त्याच्यावर इंग्रज. लेव्हीच्या कारकुनाने बियाण्याची ज्वारीही सोडली नाही. त्याला मी माफ केलेले नाही, मेल्यावरही करणार नाही. म्हणून मी आणि शेजारी चाँद पाशा यांनी मिळून माझ्या गोठ्यात जमिनीखाली धान्य लपवायला चोरपेव खणले. त्याची बायको मदीनाबी हिने माती टोपल्यांनी शेतात नेऊन पसरली. कोणाला सुगावा लागला नाही.

लढाई संपली, पण धाक संपला नाही. रझाकार आले. यंदा चैत्रात शालूबाईचा भाऊ तातेराव त्यांच्या गोळीने पडला आणि गाव पैनगंगा ओलांडून वऱ्हाडातल्या छावणीत गेले. तिकडच्या लोकांनी आम्हाला पाच महिने भाकरी घातली. त्यांची नावे मला माहीत नाहीत, देव त्यांचे भले करो. चाँद पाशा गावातच राहिला. निघताना एवढेच म्हणाला, "भाबी, तुमी जावा. गोठ्याचं मी बघतो."

भाद्रपदात हिंदी फौज आली, पाच दिवसांत सारे उलटले आणि आम्ही परतलो. गोठ्यात पाहते तर पेवाच्या तोंडावर चाँद पाशाची म्हैस बांधलेली, जमीन सारी तुडवलेली. मी तिथूनच ओरडले की पेव लुटले. ऐकणारे आधीच पेटलेले होते. त्यांनी जाऊन त्याच्या घराचे छप्पर ओढून काढले. मी कोणाला थांबवले नाही. तो मदीनाबीला घेऊन हिंगोलीला मेव्हण्याकडे निघून गेला.

त्याच दिवशी पेव उघडले, पण पेवात लगेच उतरत नाहीत, आत हवा कोंडलेली असते. एक दिवस वारा द्यायचा, मग दोरीने दिवा सोडायचा. दिवा विझला तर आत जायचे नाही. अंधाऱ्या गोठ्यात त्या दिवशी आतले काही दिसले नाही. दुसऱ्या दिवशी दिवा सोडला, तो दोन हातांवरच ज्वारीला टेकला. एक शेरही हलली नव्हती.

पायाने अधू म्हणून भिकाबाई मागे राहिली होती. तिने मग सांगितले. पेव दिसू नये म्हणून चाँद पाशाने म्हैस तिथे बांधली. रझाकारांनी धान्य कुठे म्हणून विचारले, तर लोकांनी नेले म्हणाला. त्यांनी त्याच्या उजव्या हाताची बोटे मोडली, तरी तो तेच म्हणत राहिला. मी भिकाबाईला विचारले, हे काल काहून सांगितले नाहीस? ती म्हणाली, "तू इचारलं कवा? तू तर सांगूनच राहिली होती."

ती सगळी ज्वारी चाँद पाशाची. छावणीतून परतलेल्या गावाने या पेवातून काढून जे खाल्ले तेही त्याच्याच कृपेने खाल्ले, हे गावाने लक्षात ठेवावे.

कलम ४. वडिलांनी मला चोळीबांगडीला दिलेले ओढ्याकाठचे दोन एकर शेत चाँद पाशाला, त्याच्यामागे मदीनाबीला. त्याचे छप्पर माझ्या शब्दाने गेले, तर भरपाई माझ्याच मालाने व्हावी.

कलम ५. चाँद पाशाचे स्वतःचे शेत माझे नाही, म्हणून ते मी कोणाला देऊ शकत नाही. ते कोणाचे आहे एवढे लिहून ठेवू शकते. आज त्यात संतरामचा वखर चालू आहे. आठ दिवसांत ज्वारी पेरली, की गाव म्हणेल पेरले त्याचे शेत, आणि मग चाँद पाशा परत येणार नाही.

संतराम, तातेरावाला मारणारा तो नव्हता. तुझे दुःख खरे आहे, पण तू राग चुकीच्या माणसावर काढतो आहेस. मास्तर म्हणाले, घराला अट घाला, म्हणजे ऐकेल. मी नको म्हटले. धाकाने ऐकवलेले किती टिकते ते आपण भाद्रपदात पाहिले. चूक आधी माझी झाली. मी जाऊन पाया पडले असते, पण आता गाडीत बसवत नाही.

मी समाधानी आहे. मला माणसे चांगली मिळाली, त्यातल्या एकाला मी ओळखले नाही, एवढीच टोचणी आहे.

वाचून दाखवले, बरोबर आहे.

ठिकाण सावरखेडा. तारीख १० ऑक्टोबर १९४८.

शकुबाई, डाव्या हाताचा अंगठा.

लिहिणार : व्यंकटराव मास्तर.

साक्षीदार : भीमसिंग, तांड्याचे नाईक (सही). पारुबाई, शेजारीण (अंगठा).

संतराम यांनी त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने :

काकू, मास्तरांनी शेतात येऊन वाचून दाखवलं. वखर सोडला. तेच बैल गाडीला जुंपून हिंगोलीला निघालो, चाँदचाचाला आनायला. त्याचा हात चालत नसंल तर यंदाची पेरनी मी करून देतो, त्याच्या नावानं.