गालातला घास

३ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई आज पुन्हा म्हणाल्या, "तुझा हात खांद्यावर पडला की पोरं आपोआप तोंड उघडतात." नऊ वर्षं दाताच्या दवाखान्यात हेच करतेय — लोकांची रडणारी मुलं खुर्चीत शांत धरायची. आणि घरी येऊन स्वतःच्या पोरीपुढे ताटली ठेवताना घाबरायचं.

५ फेब्रुवारी
चार घासांना सव्वा तास. ठकी दीड वर्षाची असताना घशात बटण अडकलं होतं. ओठ निळे पडले. मीच पालथी धरून, पाठीत थापट्या मारून काढलं. आता साडेतीनची झाली, तरी तिच्या तोंडावरून माझी नजर हटत नाही. "चाव. नीट चाव. लगेच गिळू नकोस." तीही गुणाची — घास गालात धरून माझ्याकडे बघत बसते.
नवरा म्हणतो, "तू ऊठ तिथून. मग खाईल."
शहाणाच. ओठ निळे पडले तेव्हा हा ऑफिसात होता.

९ फेब्रुवारी
आज त्यानं भरवलं. मोबाईलवर बातम्या वाचत, तिच्याकडे न बघता. पंधरा मिनिटांत ताटली साफ. मी दाराआडून पाहिलं. आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

१२ फेब्रुवारी
ठकीची दाढ दुखतेय.

१४ फेब्रुवारी
आमच्याच खुर्चीत ठकी. तीन दाढा किडल्यात. बाईंनी विचारलं, "घास गालात धरून ठेवते का गं ही?" मी मान हलवली. ठकीनं माझा चेहरा पाहिला आणि किंचाळायलाच लागली. अजून कुणी हातही लावला नव्हता.
"तू जरा बाहेर बस," बाई हळूच म्हणाल्या.
किती आयांना मीच असं बाहेर बसवलंय! 'तुम्ही घाबरता, ते त्याला कळतं' — गोड हसून. आज त्याच बाकावर मी. आतलं रडणं थांबलं. कामाला लागून महिना न झालेल्या नव्या मुलीसमोर माझ्या पोरीनं आ केला.
बाहेर येऊन म्हणते, "ती मावशी छान आहे."

१५ फेब्रुवारी
रजा टाकली. कारण — तब्येत.

२१ फेब्रुवारी
आठवडाभर तोच भरवतोय. मी ओट्यापाशी उभ्यानं खाते. दोघांचं हसू ऐकू येतं. वजनही थोडं वाढलंय. माझ्या काळजीनंच पोरीचे दात खाल्ले, असं कुणी म्हटलं असतं तर त्याची जीभ हासडली असती. आता कुणाची हासडू?

२६ फेब्रुवारी
तो वेगळा राहणार आहे. वर्षभर मनात होतं म्हणे. सांगताना आवाज चढला नाही. ज्याच्या शांतपणाचा मी हेवा करत होते, तो माणूस केव्हाच घराबाहेर पडला होता.

१ मार्च
सकाळी तो गेला. दुपारी ठकीनं विचारलं, "मी कुणाबरोबर जेवू?"
"माझ्याबरोबर."
ती बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग ताटली दोन्ही हातांनी उचलून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.
मी जागची हलले नाही.