दसऱ्याले धुतलेला गार्ड

३ ऑक्टो., शुक्र.
गार्ड मी नाई काढला. तोंडानं चारदा सांगून झालं, आता लिहून ठेवतो. काल दसऱ्याच्या पूजेले किसना मिस्त्रीनंच टाइल कापाची मशीन धुवाले घेतली. बिजलीची मशीन पाण्यानं धुते का कोणी? म्हणे, "वर्षातून एक दिवस तिलेबी आंघोळ पाह्यजे ना बे." मी बोंबललो तवा मोटर फडक्यानं पुसली. पण ब्लेडले हळदकुंकू लावाचं त वरचं झाकण, गार्ड, आडवं येते. मिस्त्रीनं पाना मागतला, मी देला. पाना देणं म्हणजे गार्ड काढणं होते का?

आज सकाळी पुन्हा तेच. झेंडूचा हार तसाच मशीनच्या मुठीले होता. दुसऱ्या दिवशी उतरवायचा अशी रीत, मिस्त्रीच सांगे. अन् उतरवाच्या आधी त्यानंच बटन दाबलं. सगळ्या खोलीत पिवळ्या पाकळ्या. माझ्या डोक्यात, सिमेंटच्या मसाल्यात, मिस्त्रीच्या मिशीत. हाराचा दोरा ब्लेडच्या बुडाशी गुंडाळला, मशीन घुर्र करून अडकली. मिस्त्री हसते, "पाह्य, पुष्पवृष्टी!" अन् दोरा काढाले सरळ बोट घातलं. पिन बोर्डातच. मी उडी मारून पिन उपसली.

मंग म्हणे, "गार्ड तूच हरवला, अन् वरून मलेच शिकवते."

मी त सकाळपासून बाथरूमच्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरत होतो. बावीस घमेले. वरून मसालाबी पसरला. गार्ड हरवाले वेळ कोणाले होता?

अजून एक बोलला. माझ्या उजव्या हाताकडं बोट दाखवून. "तुह्या मनगटाले काय लोंबून राह्यलं मंग?"
काळा दोरा हाये. आईनं बांधला, गावाहून निघतानी. दोरा वेगळा, गार्ड वेगळा.

५ ऑक्टो., रवि.
सुट्टी. पवनारले गेलतो. धाम नदीत पाय सोडून बसलो, दोन रुपयात फुटाणे कुठं येतात आता, दहाचे घेतले. बसून राहवत नाई मले. उठलो अन् ते घर पाहून आलो. दोन मजली, पवनारच्या बसस्टॉपच्या मागं, प्लास्टर झालं हाये. दिवाळीनंतर तिथल्या टाइल्स किसना मिस्त्रीकडं. गणपतीतच बोलला होता मले, "गजू, पवनारचं कटिंग तुले देईन."

दीड वर्ष झालं बुलढाण्याकडून इकडं आलो त्याले. दीड वर्ष मसाला कालवतो, टाइल्स वाहतो. कापाले मिळते त आठवड्यात एखादा तुकडा. कटिंग ज्याच्या हातात, कोपरे त्याचे. कोपरा बरोबर बसला का नाई थे घरवाला वीस वर्षं पाहते.

बाहेर उभं राहून मनातल्या मनात पूर्ण खोली बसवली. पूर्वेच्या भिंतीले चार बोटांची पट्टी उरते. तिथून सुरू करू नये, दारातून करावं.

पण मिस्त्रीची मशीन चालवाची म्हणजे गार्डाबिगर. म्हणते, "गार्ड असला का रेघ दिसत नाई." मले नाई जमत. आमच्या गावी कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये सुदामकाकाचा हात गेला तवा मी पेंढी द्यायले उभा होतो. नऊ वर्षांचा होतो. आवाज आठवते. जाऊ दे.

७ ऑक्टो., मंगळ.
सध्या काम चालू हाये त्या घराची मालकीण सिस्टर हाये, दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात. दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर गेलत्या, काल आल्या. ड्युटीवर जाता जाता साइटवर येतात, टाइल्स पाहत नाईत, आधी आमचे हात पाहतात.
"दाखवा." मी दोन्ही पंजे पसरतो. "दहा. ठीक. मिस्त्री?"
"साडेनऊ, मॅडम. होते तेवढे हायेत."
मिस्त्रीच्या डाव्या हाताच्या बोटाचं टोक नाई. मले सांगतलं पिठाच्या चक्कीच्या पट्ट्यात गेलं. सिस्टरले आज सांगतलं, बैलाच्या दाव्यात.

काल कोजागिरी होती. सिस्टरनं डब्यात मसाल्याचं दूध पाठवलं. चंद्रासाठी कोण थांबते, मी सहा वाजताच पिऊन घेतलं.

किचनचा एक तुकडा आज मी कापला. नळाच्या पाइपाले गोल. गार्ड नाई म्हणून मशीनले हात लावला नाई. ओळीनं लहान लहान भोकं पाडली ड्रिलनं, मंग पकडीनं चावत चावत काढला, कड दगडानं घासली. पाऊण तास लागला. बसला असा का नखबी जाईना फटीत. मिस्त्री पाहून गेला, काही बोलला नाई. तो बोलत नाई म्हणजे बरं झालं.

८ ऑक्टो., बुध.
आज सबूत काढाले गेलो अन् फसलो.

मिस्त्रीनं दसऱ्याले मोबाइलवर स्टेटस ठेवलं होतं, मशीनचा फोटो. तेव्हाच सेव्ह करून ठेवला होता मी. म्हणलं, याच्यात दिसनच पाना कोणाच्या हातात हाये थे. मोठा करून पाह्यला. पाना मिस्त्रीच्या हातात. मी बरोबर. मंग अजून मोठा केला. मशीनच्या मागं विटांच्या तुकड्यांचा ढीग. ढिगावर, उन्हात वाळवाले ठेवलेला, धुतलेला, चकचकीत, गार्ड.

थोच ढीग. बावीस घमेले. वरून मसाला, त्याच्यावर आज टाइल्स.

फोटो बंद केला. पुन्हा उघडला. तिथंच होता.

९ ऑक्टो., गुरु.
आज एक शब्द भांडलो नाई. मिस्त्री दुपारी डब्बा सोडतानी म्हणे, "तब्येत बरी नाई का तुही?" त्याच्या डब्यात वांग्याची भाजी होती, अर्धी मले देली.

सांगतलं त पवनार गेलं. मिस्त्री म्हणन, डोळ्यानं पाहून काम करत नाई हा, याच्या हातात मशीन काय देऊ. अन् नाई सांगतलं त तो उघड्या ब्लेडनं कापतच राह्यते. माझ्यापाई.

नाई सांगतलं.

११ ऑक्टो., शनि.
सांगतलं. असं झालं.

मिस्त्री टाइल कापतानी डाव्या पायानं दाबून धरते. सगळेच धरतात. मीबी धरतो. टाइलखाली पट्टी नीट नव्हती, कापता कापता फट मिटली, ब्लेड आवळलं अन् मशीन मागं उसळली. सरळ पायावर. मले वाटलं गेलं. पाणी वाहत होतं त्यात लाल काही दिसते का म्हणून मी पाहून राह्यलो. मिस्त्रीनं पाय उचलला. चपलेचा निळा पट्टा अर्धा कापला होता, अंगठ्याच्या बाजूनं. अंगठा होता. हलवून पाह्यला त्यानं. हलला.

दोघंबी खाली बसलो. मिस्त्री म्हणे, "पाणी दे." भरलेली बाटली त मशीनवर पाणी सोडाची, झाकणाले भोक पाडलेली. तीच देली. पिचकारीसारखी प्याला.

मंग मी मोबाइल काढला अन् फोटो त्याच्यासमोर धरला. म्हणलं, ढीग पाह्य.
पाह्यला. लांब धरून, मंग जवळ धरून.
"म्हणजे बाथरूमच्या खाली?"
"हो."
"केव्हापासून माहीत?"
"बुधवारपासून."
मोबाइल मले परत देला. मले वाटलं आता बोलते, येजो नोको उद्यापासून. म्हणे, "म्हणजे काढला मी अन् पुरला तू. दोघांनी मिळून त्याची माती केली ना बे." अन् हसाले लागला, मले हसू येईना, मंग आलं.

पण शेवटी म्हणे, "बुधवारीच सांगाचं होतं." हे हसून नाई म्हणे.

१२ ऑक्टो., रवि.
आईले फोन. म्हणलं, हातातला दोरा काढतो, मशीनमध्ये गुंतन.
"हात सलामत राहावा म्हणूनच त बांधला व बाप्पा!"
"सलामत राहावा म्हणूनच काढून राह्यलो."
"मंग पायात बांध. डाव्या. नजर पायातूनबी थांबते."
काय सांगू तिले, डावा पायच त टाइलवर असते.
"पाय नोको, आई."
"हात नोको, पाय नोको, तू कोणतं काम करते रे तिकडं?"
मंग म्हणे कमरेले बांध. करदोड्यातच गुंडाळला. शर्ट आत खोचला का दिसत नाई, लोंबत नाई. आई खूश नाई झाली, पण ठेव म्हणाली फोन, भाकर करपून राह्यली होती.

मिस्त्रीबी बोलला होता त्या दिवशी दोऱ्यावर. तोबी बरोबरच होता. त्याले सांगणार नाई.

१३ ऑक्टो., सोम.
सिस्टरले मिस्त्रीनंच सांगतलं, रंगवून. सिस्टर बाथरूमच्या दारात उभ्या राह्यल्या. "लोक पायव्यात सोनं पुरतात म्हणे. माझ्या नशिबी मशीनचं झाकण." फोडून काढू का म्हणलं त नोको म्हणाल्या, उतार चांगला बसला हाये. पण जातानी मिस्त्रीले म्हणाल्या, "या घरात उद्यापासून झाकणाबिगर मशीन चालली त मी मेन स्विच बंद करीन. अन् माझ्या वॉर्डात तुमची ओळख दाखवाची नाई."
मिस्त्री, "साडेनऊच हायेत मॅडम, अजून किती कमी होतीन."
सिस्टर हसल्या नाईत.

१५ ऑक्टो., बुध.
दोघं वर्धेले. चार दुकानं. मिस्त्रीची मशीन जुनी, तिचा सुटा गार्ड कोठीच नाई. एक दुकानवाला म्हणे मागवून देतो, पंधरा दिवस. दुसऱ्यानं दुसऱ्याच मशीनचा दाखवला. मिस्त्री म्हणे, तारेनं बांधू. मी म्हणलं, तारेनं बांधलेला गार्ड सुटून आला त थोच तोंडावर बसन. दुकानवाला म्हणे, "पोरगा बरोबर बोलते." मिस्त्रीनं दुकानवाल्याकडं असं पाह्यलं.

परततानी ऑटोत म्हणे, "पवनारचं कटिंग तुलेच देलं असतं. पण मशीन माही, रीत माही. पटत असन त ये."

असतं म्हणला. का देईन म्हणला? ऑटोच्या आवाजात नीट नाई आलं, अन् पुन्हा विचाराले मन नाई झालं.

१६ ऑक्टो., गुरु.
कामावरून परस्पर गेलो अन् घेतली. स्वतःची. हिरवी, मूठ हातात मावते, गार्ड पक्का, पाना डब्ब्यातच. चष्मा वेगळा घेतला. एक बोर्ड घेतला, करंट गळला का स्वतःच बंद पडते असा, पाण्यात काम म्हणून. दुकानवाला म्हणे गिफ्ट पॅक करू का. उशापाशी ठेवली. दोनदा उठून पाह्यली, सांगू नये कोणाले.

१७ ऑक्टो., शुक्र.
आजचं लिहायचं म्हणजे हात पुरत नाई.

नवी मशीन पाहून मिस्त्री म्हणे, "सासरहून आणली का?" मी बोर्ड उलट्या बादलीवर ठेवला, पाण्याच्या वर. वायर मागून घेतली, ब्लेडच्या रस्त्यात नाई. टाइल पायानं नाई धरली, फळीवर ठेवून दोन शिकंजे आवळले. चष्मा. शर्टाच्या बाह्या वर. तोंडावरचा दुपट्टा सोडून ठेवला, टोकं लोंबतात त्याची. नाकाले मास्क.
मिस्त्री मागून, "लग्नाले चालला का टाइल कापाले?"
"रेघ दिसत नाई म्हणता ना. पाह्या."
रेघ मी टाइलच्या कडेच्या पुढं फळीवरबी ओढली होती. गार्डाच्या तोंडाले खाच हाये, खाच त्या रेघेवर ठेवली का ब्लेड पाहाची गरजच नाई. एकदम खोल नाई, दोन फेऱ्यात. आधी वरवर, मंग पूर्ण. बटन सोडलं, ब्लेड थांबेपर्यंत हात तिथंच. मंग पिन काढली, मंगच तुकडा उचलला.
कड एकबी फुटली नाई. मिस्त्रीनं अर्ध्या बोटानं कड चाचपली. तो नेहमी त्याच बोटानं चाचपते.
विचारलं, "मिस्त्री, खरं सांगा, बोट कसं गेलं?"
"बोट गेलं हे खरं."

अकरा कट झाले. हळू झाले, त्याचे वीस झाले असते. हे त्यानं बोलूनबी दाखवलं.

मंग दुपारी, मी जेवत होतो तवा, आतून मशीनचा आवाज आला. जुनीचा नाई, नवीचा. ओळखू येते. डोकावलो नाई. भाकर खात राह्यलो. बाहेर आला त चष्मा कपाळावर चढवलेला, माझा. म्हणे, "थोडं जड लागते हातात." एवढंच.

संध्याकाळी सिस्टर. "दाखवा." दहा. साडेनऊ. ठीक.

१८ ऑक्टो., शनि.
सिस्टरचं घर संपलं. फक्त पायऱ्या राह्यल्या, त्या मिस्त्री एकटा करन. माझी मशीन पुसून डब्ब्यात. पाण्यानं धुतली नाई. येत्या दसऱ्यालेबी नाई धुणार, हळदकुंकू मुठीले लावीन, चालते.

जातानी विचारलं, पवनारचं काय. मिस्त्री चपलेचा नवा पट्टा बसवत होता. मान वर न करता म्हणे, "पाडवा झाला का येजो सकाळी आठले."
"मशीन कोणती आणू?"
"येजो म्हणलं ना. तिथं पाहू."

तिथं पाहू.

दिवाळीले गावी जात नाई. आईले दर महिन्याले आठ हजार पाठवतो, दिवाळीच्या महिन्याले जास्त पाठवाचे होते. काऊन कमी, थे फोनवर सांगतलं नाई अजून. मशीन दाखवीन व्हिडिओवर, हात दाखवीन, मंग सांगीन.

आज पाठवले. ४,५००.