अर्धी कॅप्सूल

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितो. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

आम्ही सगळे ठीक. गॅरेजात रंगकामाला गाड्या रांगेत उभ्या आहेत. परवा एका गृहस्थांनी दार खरवडलेली गाडी आणली आणि भिंतच अंगावर आली असं शपथेवर सांगितलं. मी म्हटलं, भिंतीलाही लागलं असेल तर तिलाही घेऊन या.

आता मुद्द्याचं. आपल्या बिट्टीची मुरुमं गालभर पसरली आहेत, ठणकतात. पोरगी पंधराची. केस पुढे ओढून बसते. शाळेच्या वादविवादातून नाव मागे घेऊन आली. कारण विचारलं तर म्हणाली, विषय कंटाळवाणा आहे. जी मुलगी आमटीत मीठ कमी की जास्त यावर अर्धा तास भांडते, तिला विषय कंटाळवाणा! तिच्या आईने त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लावायला मलम दिलं आणि रोज अँटिबायोटिकची एक कॅप्सूल. तीन महिने, ताई! मला न्यूमोनिया झाला होता तेव्हाही सात दिवसांत आटोपलं होतं. पोटाची वाट लागेल, आणि उद्या खरंच आजारी पडली तर कुठलं औषध लागू पडणार? डॉक्टरांना विचारणार होतो, पण तिथे पोचलो की माझी दहावी नापास जीभ टाळ्याला चिकटते. बायको म्हणते, गाड्यांचं तुम्ही बघा, मुलीचं डॉक्टर बघतील.

सकाळी औषध द्यायचं काम मात्र माझ्याकडे, कारण घरात पहिला मी उठतो. तेव्हा काळजी नको. माझ्या परीने बंदोबस्त केला आहे. रंगाचा जाड थर कधी एकदम देऊ नये, पातळ करून हात मारावा, हे मला उस्तादांनी शिकवलं. तू तीस वर्षं इस्पितळाच्या औषधखिडकीत उभी होतीस. तुझं मत कळव.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा
धाकटा


११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

माझा गुडघा बरा आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

तुझी भीती वेडगळ नाही. अँटिबायोटिक उगाच लांबवू नये हे खरंच. पण एवढ्या मुरुमांना त्वचेचे डॉक्टर ते देतात; मलमाच्या जोडीने, ठरावीक महिने, आणि मग बंद. भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात सांभाळायचं. कधी थांबवणार, पोट दुखलं तर काय करायचं, हे डॉक्टरांनाच विचार. गाडी किती दिवसांत मिळेल म्हणून तुला गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा तू काय त्याला चावतोस?

बंदोबस्त म्हणजे काय केलंस, ते मात्र लिहिलं नाहीस.

सगळ्यांना जप, स्वतःलाही.

तुझी
ताई


२० एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न.

बाबांना सांगू नकोस हं, पण मला तुलाच विचारायचंय. मी सात आठवडे एक दिवस न चुकवता औषध घेतेय, मलमही लावतेय. काही फरक नाही. डॉक्टर म्हणाले, तीस तारखेला बघू, नाहीतर याहून जोरदार औषध सुरू करू. त्याला दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. आई घाबरलीय. मला वाटतं माझी कातडीच खराब आहे, औषध तरी काय करणार? मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले नाही. फोटो काढतात.

बाबा बिचारे रोज सकाळी कॅप्सूल वाटीत काढून, पाण्याचा पेला घेऊन उभे असतात. पाकिटाला मला हातसुद्धा लावू देत नाहीत. कॅप्सूल कधीकधी चेपलेली असते. मी म्हटलं तर म्हणाले, हल्ली मालच असा येतो.

खरं काय ते सांग. मी रडणार नाही. म्हणजे फार नाही.

तुझी लाडकी (एकुलती असल्यामुळे)
बिट्टी


२४ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नंतर.

तू कॅप्सूल उघडून अर्धी पूड काढून टाकतोस, आणि टोपण पुन्हा बसवतोस. नाही म्हणू नकोस. पाच वर्षांचा असताना तू माझ्या पेनातली शाई पाणी घालून वाढवली होतीस.

अरे, अर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, तालीम करतात. ज्याला भीत होतास तेच तू रोज सकाळी वाटीत घालून दिलंस. आणि त्या पोरीला वाटतंय तिची कातडीच खराब आहे. आता तिला विनाकारण भारी औषध देतील. तीस तारखेच्या आत तिला सांग. तू सांग, मी सांगणार नाही. मग डॉक्टरांना सांग.

तुझ्यावरची माया तेवढीच आहे, म्हणून एवढ्यावर थांबते.

ताई


२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. सत्तावीसला सकाळी, रिकामी वाटी पुढे ठेवून. कातडीचा दोष नव्हता, माझ्या हाताचा होता म्हणालो. रंगाच्या पातळ थराचंही सांगितलं. मी गाडी नाही, एवढंच बिट्टी म्हणाली आणि खोलीत गेली. तीन दिवस घरात माझ्यासाठीचे निरोप तिच्या आईमार्फत. बायकोने तर ते निरोपही माझ्यापर्यंत पोचवले नाहीत.

तीस तारखेला डॉक्टरांसमोर मी स्वतः बोललो. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, औषध बंद करणारे आईबाप पुष्कळ पाहिले, पण इतक्या सफाईने भेसळ करणारा पहिलाच. भारी औषध तूर्त रद्द. हेच नव्याने, पुरं, बारा आठवडे. मग बंद, आणि फक्त मलम. पोटाचं विचारलं, उन्हाचं विचारलं, सगळं विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या दिवशीही सांगितलं असतं, असंही म्हणाले.

औषधं बिट्टीने दुकानातून स्वतः घेतली. गाडीत माझ्याशेजारी बसली, खोक्यातला माहितीचा कागद उलगडला आणि मोठ्याने वाचायला लागली. मळमळ, जुलाब, डोकेदुखी, उन्हाने त्वचा भाजणे. मी मध्ये तोंड उघडलं तर म्हणाली, आधी पुरं ऐका. तीन दिवसांनी माझ्याशी बोलत होती, तेही दुष्परिणामच. पण आवाज तिचाच होता, वादविवादातला. घर आलं तरी कागद संपला नव्हता. मी इंजिन बंद केलं आणि बसून राहिलो. तिनेही दार उघडलं नाही. चष्मा घरी राहिलाय का तुमचा, बारीक अक्षर दिसत नाही ना, असं विचारून कागद माझ्याकडे सरकवला, आणि पुढची ओळ बोटाने दाखवत वाचत राहिली.

मायेला बारा आठवड्यांची मुदत घालू नकोस.

तुझा
धाकटा