वगळलेला फोल्डर

३ मार्च

— आणि मीटिंगमध्ये, सगळ्यांना माझा स्क्रीन दिसत असताना, मी शोधात ‘मापं’ टाइप केलं. भूखंडांची यायला हवी होती. आली ‘झबल्याची मापं’, ‘बाहीची मापं’, ‘पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाची मापं’. आईची पानं. आयुष्यभर शिवण शिकवलं, ते आता ती माझ्याच कॉम्प्युटरवर एका बोटाने लिहून काढते आहे.

साहेब हसले. “शिवणकामही घेता वाटतं?”

मी म्हणालो, “काही नाही, कचरा आहे.”

कचरा!

मीटिंग संपल्याबरोबर शोधाच्या सेटिंगमधून तिचा फोल्डर वगळला. एक खूण काढली, झालं. पानं जागच्या जागी आहेत, शोधल्यावर तेवढी दिसणार नाहीत. आईला सांगायला हवं.

११ मार्च

आईला बाहीचं पान सापडेना. मीच शिकवलं होतं — नाव टाक, येईल. मी घाईत. नाव टाकून पाहिलं, काही नाही.

“लिहायचं मनात आणलं असशील, लिहिलं नसशील.”

“अरे, दोन दिवस खपले मी त्याच्यावर.”

“मग दाखव ना!”



१४ मार्च

गळ्याचं पान नाही. झबल्याचंही नाही. “डोक्याची चाळण झाली माझ्या,” म्हणाली. एकटीच हसली. मग फोनवर मावशीला, हळू आवाजात: “कात्री धरायची तर डोकं जाग्यावर हवं गं.”

तिच्या मोठ्या कात्रीला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कागद कापायला तर नाहीच.

१५ मार्च

आठवलं! दात घासताना. तोंडात फेस तसाच.

१६ मार्च

नाही सांगितलं. सांगायचं तर का वगळलं तेही सांगावं लागेल.

१७ मार्च

आईने कापडावर खडूने आखलं. पुन्हा मोजलं. पुसलं, पुन्हा आखलं. कापलं नाही. घडी घालून ठेवून दिलं.

ते बघवेना. खूण परत केली. थोड्या वेळाने नाव टाकलं — सगळी पानं हजर. तिला हाक मारली. “आई, ही बघ. कॉम्प्युटरची चूक होती.”

कॉम्प्युटरची!

तिने बाहीचं पान वाचलं. सावकाश, ओठ हलवत. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

“माझ्यासाठी लिहून काढलंस होय रे एवढं?”

“आई, तुझंच आहे ते.”

“असू दे, असू दे. लहानपणी मशीनखाली बसून सगळं ऐकायचास. बरंच लक्षात आहे की तुझ्या!”

इतक्या कौतुकाने बघत होती. उद्या सांगेन. ‘कचरा’सकट सगळं.

१८ मार्च

सकाळी उठलो तेव्हा आई तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फाटकापर्यंत पोचवून परत येत होती. कात्री तिला देऊन टाकली.