कॅपिटलमधला म्हातारा

तीर्थस्वरूप काकांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहिते आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं टेकणं शक्य आहे तेवढी टेकली आहेत असं समजावं.) शाळेत शिकवलं होतं की तीर्थरूप हे आईवडिलांसाठी आणि तीर्थस्वरूप बाकीच्या वडीलधाऱ्यांसाठी. बाबा गेल्यावर काही वर्षांनी आईने तुमच्याशी लग्न केलं, तेव्हापासून तुमच्या मायन्यात नेमकं काय लिहावं हे मला ठरवता आलेलं नाही. म्हणून आजवर तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही, फोनवर भागवलं. आता तुम्ही फोनच घेत नाही म्हटल्यावर इलाज नाही.

इकडे मी खुशाल आहे. तुमची खुशाली आईकडून कळते, म्हणजे ‘ते गच्चीवर आहेत’ एवढीच कळते. सकाळी फोन केला तरी तुम्ही गच्चीवर, दुपारी केला तरी गच्चीवर, आणि परवा धो धो पाऊस पडत होता तेव्हाही गच्चीवर. (आई फोनवर हात ठेवून ‘काय सांगू हिला?’ असं तुम्हाला विचारते ते मला इकडे स्वच्छ ऐकू येतं.) तुमचा गुडघा आणि ती हलणारी दाढ कशी आहे ते कळवावं. कॅमेरा तुम्ही कपाटात ठेवून दिलात आणि त्यावर जुने स्वेटर रचलेत असं कळलं, ते मात्र मला सोसत नाही. माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण ढगांनी तुमचं काय घोडं मारलं?

झालं ते असं. तुमच्या ढगांच्या फोटोंची साइट ज्या जुन्या सर्व्हरवर होती ते मशीनच सर्व्हरवाले बंद करणार होते, म्हणून मी ती दुसऱ्या जातीच्या सर्व्हरवर हलवायला घेतली. ‘एका दुपारचं काम आहे, काका, तुम्ही निवांत चहा घ्या,’ असं मीच म्हणाले होते. (याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.) दुपारी सगळं सामान नव्या घरात नेऊन टाकलं, पहिलं पान उघडून पाहिलं, ते झोकात उघडलं. ऑफिसच्या खिडकीबाहेर तेव्हा एक लांबट, आळसावलेला ढग समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीला टेकून पडला होता. मी हनुवटी हातावर ठेवून त्याच्याकडे बघत बसले आणि बाकीची पानं उघडून बघायची विसरले. त्याच आठवड्यात तुम्ही हवामान खात्यातल्या निवृत्त मित्रांच्या मेळाव्यात, भरल्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर तुमचे ढग दाखवायला उभे राहिलात. एकेका ढगावर बोट ठेवत गेलात आणि प्रत्येक ढगाच्या जागी ‘सापडले नाही’ अशी पाटी येत गेली. मागून कुणीतरी म्हणालं, ‘आज आकाश निरभ्र राहील,’ आणि सगळं सभागृह हसलं. मान सांगावा जना, अपमान सांगावा मना, त्याप्रमाणे तुम्ही घरी येऊन चकार शब्द काढला नाहीत. मला हे सभागृहात मागे बसलेल्या आईने सांगितलं. ते ऐकल्यावर मी दोन दिवस नीट जेवले नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहिते.

आता चूक कुणाची ते ऐका. जुना सर्व्हर भोळा होता. त्याला कॅपिटलमध्ये हाक मारा, स्मॉलमध्ये मारा, अर्धी अशी अर्धी तशी मारा, तो ‘ओ’ देऊन पान आणून द्यायचा. तुम्ही तर ढगाच्या आकारमानाप्रमाणे इंग्रजी अक्षरांत नावं ठेवणारे: ढग मोठा असला तर पहिलं अक्षर कॅपिटल, फुटकळ असला तर स्मॉल. पण त्याच्याकडे जाणारी वाट, म्हणजे लिंक, लिहिताना तुमचा जसा मूड असेल तसं अक्षर. (‘कापूस’ तुम्ही चार प्रकारे लिहिला आहे. चारही वेळा कापूस एकच.) त्यात आई ढगाचा पत्ता टाइप करते तेव्हा तिचा फोन पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतो, तेही त्या भोळ्याने इतकी वर्षं चालवून घेतलं. नवा सर्व्हर मानपानाचा. ज्याला अहो म्हणायचं त्याला अरे म्हटलंत, किंवा ज्याला अरे म्हणायचं त्याला अहो, की हा सरळ ‘असं इथे कुणी राहत नाही’ म्हणून दार लावून घेतो. ध चा मा झाल्याने घात झाला तर माणूस समजू शकतो. इथे ध चा ध च राहिला आणि तरी घात झाला. ढग सगळे होते तिथेच होते, काका. फक्त हाका चुकत होत्या.

आमच्या ऑफिसात एक सहकारी आहे, त्याला सगळे शास्त्रीबुवा म्हणतात, कारण तो चहाच्या कपालाही नियम लावतो. तो म्हणाला, ‘अगं, सगळी नावं सरसकट स्मॉल करून टाक, मिनिटाचं काम.’ माझा हात बटणापर्यंत गेला होता. पण तुमचा तो प्रचंड ‘डोंगर’, जो टिपायला तुम्ही भर उन्हात छत्री माझ्या हातात देऊन उभे राहिला होतात, तोही स्मॉल? मला धीर झाला नाही. मग जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला ठेवून एकेक ढग उघडायचा, त्याला तुम्ही काय म्हणून हाक मारली होती ते बघायचं आणि त्याच्याकडे जाणारी वाट दुरुस्त करायची, असं सुरू केलं. काम सोपं आहे, पण त्यातून पाय निघत नाही. ‘मेंढ्या’ उघडल्या की त्या कुठे चालल्यात ते बघत बसावंसं वाटतं, ‘उशी’ उघडली की डोळे मिटतात. एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाले, ‘हा घोड्यासारखा दिसतोय,’ आणि हळूहळू आपल्या खोलीत निघून गेले. त्या दुपारी ते कुणावर ओरडले नाहीत.

आणि एक गंमत सापडली. तुम्ही नेहमी म्हणायचात ना, की तुमचा सर्वात सुंदर ढग, तो दाढीवाला ‘म्हातारा’, साइटवरून कुणीतरी पळवला? कुणी पळवला नव्हता. पुढच्या एका वर्षी तुम्ही एका लहानशा ढगालाही ‘म्हातारा’च नाव दिलंत, स्मॉलमध्ये. जुन्या सर्व्हरला दोन्ही नावं एकच वाटली आणि त्याने नव्याला जागा देण्यासाठी पहिल्याला पुसून टाकलं. भोळ्या माणसांचं असंच असतं. तुम्ही मला दिलेल्या मूळ फोटोंच्या डिस्कवर दोघे वेगवेगळ्या वर्षांच्या फोल्डरमध्ये होते. मी घाबरत घाबरत दोघांना नव्या सर्व्हरवर एकाच फोल्डरमध्ये ठेवलं, आणि दोघेही राहिले. कॅपिटलचा म्हातारा आणि स्मॉलचा म्हातारा, शेजारी शेजारी. मी त्यांच्याकडे इतका वेळ बघत बसले की शास्त्रीबुवाने माझ्या डब्यातली भाजी संपवली तरी मला पत्ता नाही.

तर आता सगळे ढग जागेवर आहेत. आईच्या फोनसाठी वेगळी पाटी लावून ठेवली आहे, तिने कसंही लिहिलं तरी ती योग्य ढगापाशी पोचेल. लोभ आहेच, तो फोनपर्यंत यावा ही विनंती.

तुमची,
वेंधळी

ता.क. १ : स्वेटर थंडीत लागतील, ते वेळेत काढलेले बरे. खालून कॅमेरा निघाला तर तोही काढावा.

ता.क. २ : ढग हे निमित्त. विचारायचं वेगळंच होतं. तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा मी विचारलं होतं, तुम्हाला काय म्हणू? तुम्ही म्हणालात, ‘जे तोंडात बसेल ते म्हण.’ तोंडात काका बसलं, कारण बाबा या नावावर बाबा होते, आणि त्याच नावाने दुसऱ्या कुणाला हाक मारली तर पहिले पुसले जातील अशी मला भीती वाटायची. माझं डोकं जुन्या सर्व्हरच्या जातीचं. आता तसं वाटत नाही. तेव्हा पुढच्या वेळी तुम्ही फोन घेतलात तर मी बाबा म्हणेन, चालेल का? आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल नसतं, त्यामुळे लिहितानाही काही अडचण येणार नाही.

ता.क. ३ : आई, पाकीट आधी तूच फोडणार हे मला माहीत आहे, म्हणून खरं तर तुलाच विचारते. बाबांना चाललं असतं ना? चाललं असतं असं वाटत असेल तर पाकीट परत नीट चिकटव आणि त्यांच्या हातात दे. नसेल वाटत, तर पोस्टात हरवलं म्हणून सांग. (तुला धड खोटं बोलता येत नाही, हे लक्षात घेऊनच दोन्ही पर्याय दिले आहेत.)