वरच्या उजव्या कोपऱ्यातला डाग

४ सप्टेंबर

प्रेस बंद होऊन आज महिना. मालकाच्या मुलाला गाळा भाड्याने द्यायचाय, छापायचं नाहीये. सत्तावीस वर्षं डीटीपी केलं आणि निघताना मला मिळालं काय, तर माझाच कीबोर्ड. त्याच्यावरची अक्षरं पुसली गेलीत म्हणून दुसऱ्या कोणी घेतला नाही. मला अक्षरं लागतात कुठे, बोटांना पाठ आहे सगळं.

कांबळेसरांचा फोन. "जयभीम वंदनाबाई. प्रेस गेली म्हणून माझी पुस्तकं थांबायची नाहीत. सहा डिसेंबरला दादरला आपला स्टॉल लागणार म्हणजे लागणार." आठ पुस्तिका. पंधरा नोव्हेंबरपर्यंत पानं छपाईला गेली पाहिजेत. घरून करा म्हणाले. हो म्हटलं. घरी कॉम्प्युटर नाही हे काही मी बोलले नाही.

हे काम गेलं तर चोपन्नाव्या वर्षी मला कोण विचारणार? दिलीप मुलुंडच्या मॉलमध्ये साफसफाईचा सुपरवायझर आहे. नवऱ्याच्या हाताखाली फरशा पुसायच्या? निदान सुट्टी तरी मिळेल.

६ सप्टें.

स्नेहा फोनवर. "मम्मी, लॅपटॉप घे ना हप्त्यावर." लेकीला कल्याणला बसून सगळं सोपं वाटतं. लॅपटॉपच्या त्या चिंचोळ्या फळीवर अख्खं पान मावतं का? मला दोन स्क्रीन लागतात. डावीकडे सरांचं हस्तलिखित (वहीच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात हल्ली), उजवीकडे माझं पान. आणि तेही जुने, चौकोनी. नवे सगळे आडवे, सिनेमे बघायला.

दिलीप म्हणाला, "म्हणजे भंगार."

भंगार तर भंगार.

९ सप्टें.

घाटकोपर पश्चिमेला अस्लमभाईचं दुकान. ऑफिसांतून निघालेला माल, छतापर्यंत. सीपीयू कुठल्याशा ऑफिसातला, अजून स्टिकर आहे त्यावर. दोन चौकोनी मॉनिटर. दोन्हीला निळी पिन, सीपीयूला एकच निळं भोक. मग कन्व्हर्टर घ्या. माणूस सज्जन वाटला. "ताई, आतली उजेडाची ट्यूब जुनी आहे, पण पिक्चर एकदम कडक. काही वाटलं तर परत घेऊन या, बदलून देतो." रिक्षात मांडीवर दोन मॉनिटर घेऊन पूर्वेला आले. रिक्षावाला विचारतो, सायबर कॅफे टाकताय का.

१२ सप्टें.

मांडलं एकदाचं. शिलाई मशीनच्या टेबलावर. दोन्ही स्क्रीनचे रंग दोन. एक हळद लावल्यासारखा पिवळा, एक निळसर. बघून हसूच आलं. जुने फाँट टाकले, चालले. पहिली ओळ टाइप केली आणि डोळ्यांत पाणी आलं. दिलीपने बघितलं. चहा ठेवला.

१४ सप्टें.

पहिली आठ पानं. पण उजव्या स्क्रीनवर गडबड आहे.

पान झालं की मी ते अख्खं स्क्रीनवर आणते, नजर मधोमध ठेवते आणि डोळे किलकिले करते. वाचायचं नाही, नुसता पानाचा रंग बघायचा. शब्द कुठे सैल पडले असतील तर पांढऱ्या भेगा दिसतात. प्रेसमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं मला. तर आज तसं बघितलं आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात डाग. राखाडी, ओल आल्यासारखा. कोपऱ्याकडे सरळ बघितलं तर जातो. पुन्हा मधे बघितलं की येतो.

ट्यूब गेली असणार. वाटलंच होतं.

१५ सप्टें.

अस्लमभाई: "दुकानात तर दिसत नाही, ताई. गरम झाल्यावर येत असेल. ट्यूब जुनी झाली की कोपरे मंद पडतात." बदलून दिला. एक शब्द वाकडा नाही.

१९ सप्टें.

नव्या मॉनिटरलाही डाग. त्याच कोपऱ्यात. एकाच ऑफिसातून उचललेले असणार सगळे, एकाच दिवशी जन्मले, एकाच जागी कुजले.

उद्या पुन्हा.

२७ सप्टें.

तिसऱ्यालाही.

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय. अस्लमभाईने दुकानात मॉनिटर लावून अर्धा तास चालू ठेवला. मग हळूच म्हणाला, "ताई, खरं सांगू का? मला डाग दिसत नाही." माझं डोकंच फिरलं. सत्तावीस वर्षं स्क्रीन बघतेय मी, तुम्ही मला शिकवणार? भंगार गळ्यात मारायचं आणि वर बाईमाणसाला खोटं पाडायचं? गिऱ्हाइकं वळून बघत होती. तो शांतपणे म्हणाला, "बरं ताई. चार दिवसांनी या, चांगला पीस ठेवतो बाजूला."

फक्त दोन पुस्तिका झाल्यात. सहा बाकी.

४ ऑक्टोबर

चौथा आणला. ह्याचा स्टँड फिरतो, स्क्रीन आडवा-उभा करता येतो. उभा केला की अख्खं पान, खालून वरपर्यंत, छापल्यासारखं. जास्तीचे पैसे घेतले नाहीत त्याने. उद्या बघू.

५ ऑक्टो.

सकाळी आडवाच ठेवला होता. पान आणलं, डोळे किलकिले केले. डाग. वरच्या उजव्या कोपऱ्यात.

रागाने स्क्रीन धरला आणि उभा फिरवला. म्हटलं, बघू आता कुठे जातो. स्क्रीन फिरला तर त्याचा कोपरा पण फिरणार ना, डाग खाली नाहीतर डावीकडे जायला हवा.

गेला नाही. होता तिथेच. वर, उजवीकडे.

पुन्हा आडवा. पुन्हा उभा. तिथेच.

डाव्या स्क्रीनकडे बघितलं. तिथेही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर. दिलीप भांडी घासत होता, त्याच्याकडे बघितलं, खिडकीचा वरचा कोपरा गायब. डावा डोळा हाताने झाकला, डाग. उजवा झाकला, डाग नाही, पण सगळं धूसर, कारण डावा लहानपणापासूनच आळशी आहे माझा. आजवर सगळं केलं ते ह्या उजव्याने.

दिलीपला हाक मारली. 

७ ऑक्टो.

डोळ्यांचे डॉक्टर. बाहुली मोठी करायचं औषध घालून दोन तास बसवलं. मग मशीन, मग दुसरं मशीन. डोळ्याच्या मागच्या पडद्यात रक्त उतरलंय. शुगरमुळे. गोळी मी आठवण झाली की घेते, हे दिलीपने सांगून टाकलं, चोंबडा.

"कधीपासून दिसतंय?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे काय करत होतात?"

"मॉनिटर बदलत होते."

डॉक्टर आधी हसले. मग माझ्याकडे बघून त्यांनी रिपोर्ट पुढे ओढला.

जे गेलं ते येणार नाही. आणखी जाऊ नये म्हणून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. गॅरंटी विचारली तर कागदावर लिहायला लागले. डाव्यातही सुरुवात आहे म्हणाले.

१० ऑक्टो.

इंजेक्शन झालं. दुखतं म्हणण्यापेक्षा भीती वाटते. दिलीपचा एकच धोशा. "सोड हे. सरांना सांग. डोळे गेल्यावर कोण पुस्तक वाचणारे तुझं?" मी म्हटलं, सांगितलं की काम गेलं. तो म्हणाला, जाऊ दे. जाऊ दे म्हणणं सोपं असतं. मला बाकी काय येतं ते तरी सांग म्हटलं.  मग मी एवढी रडले की शेजारच्या मावशींनी टीव्हीचा आवाज कमी केला.

१३ ऑक्टो.

अस्लमभाईकडे गेले. दुकानात उभी राहून माफी मागितली. डोळ्याचं सांगितलं. त्याने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. "अल्ला खैर करे, ताई. माझ्या मनात काही नाही."

मी विचारलं, ते तीन मॉनिटर कुठेत? म्हणाला, विकले गेले. कोणाची तक्रार नाही ना? मान खाली घालून म्हणाला, "नाही ताई."

येताना वाटत राहिलं, एकाची तरी यायला हवी होती.

३१ ऑक्टो.

पाच झाल्या. अक्षर मोठं करून टाइप करते. वेग निम्मा.

सरांचा फोन. तिसरी पुस्तिका त्यांच्या बायकोने, माईंनी, तपासली. चौदाव्या पानात चार ओळी गाळल्यात मी. सरांची सवयच आहे, लिहून झाल्यावर काही आठवलं की समासात, वर उजवीकडे, तिरकं लिहून ठेवायचं. त्या चार ओळी मला दिसल्याच नाहीत. फोटो पुन्हा उघडून बघितला. होत्या. लाल शाईत होत्या.

सर म्हणाले, "बाई, तुमच्याकडून असं कधी झालं नव्हतं."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "स्क्रीन जुना आहे सर. भंगारातला. कोपरा मंद दिसतो."

आत्ता अठरा दिवसांपूर्वीच जाऊन अस्लमभाईची माफी मागून आले होते. शरम वाटते.

सर लगेच नरमले. "अरेरे. मग तुम्ही तरी काय करणार."

७ नोव्हेंबर

इंजेक्शनची तारीख आज होती. गेले नाही. इंजेक्शन घेतलं की दोन दिवस वाया, आणि दोन पुस्तिका बाकी आहेत. दिलीपला सांगितलं, डॉक्टर गावाला गेलेत. त्याने खरं मानलं. किती खोटं बोलायला लागलेय मी.

१५ नोव्हें.

आठही गेल्या. संध्याकाळी सरांना पाठवल्या. प्रत्येक पान तीनदा तपासलं, कोपरे बोट ठेवून ठेवून. पानाचा रंग बघणं सोडून दिलंय. बघून उपयोग नाही.

२२ नोव्हें.

दिलीपला दवाखान्यातून फोन आला, पेशंट आल्या नाहीत म्हणून. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. स्वतः रजा टाकून घेऊन गेला. डॉक्टरांनी मशीनवर चित्र दाखवलं, मागचं आणि आजचं. डाग खाली सरकलाय. मधल्या जागेच्या काठाला आलाय. "तो मधला ठिपका गेला की वाचणं गेलं," असं स्पष्ट म्हणाले. इंजेक्शन दिलं. बघू म्हणाले.

७ डिसेंबर

काल दादरला गेले नाही. एवढ्या गर्दीत कोणी उजवीकडून आलं की दिसत नाही, धक्का लागतो. सरांनी स्टॉलचे फोटो पाठवले. आठही पुस्तिका ओळीने मांडलेल्या. तिसरी संपली. लोक उभ्या उभ्या वाचत होते म्हणाले. फोनवर फोटो मोठा करून बघितला, जेवढा दिसला तेवढा.

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. दिवसभर बरं वाटलं.

२० डिसें.

आता ओळीच्या मधलं एखादं अक्षर पुसट होतं. मान थोडी वाकडी केली की सापडतं. मान वाकडी करून टाइप करायला शिकतेय. दिलीपने टेबलाशेजारी दिवा लावला. उपयोग नाही त्याचा, पण लावू दिला.

२८ डिसें.

दुपारी बेल वाजली. कांबळेसर आणि माई. सर चौऱ्याहत्तर वर्षांचे, तीन मजले चढून आलेले, आणि दोघांच्या मधे एक भलामोठा खोका. मॉनिटर. कोरा करकरीत. स्टॉलवरच्या विक्रीतून घेतला म्हणाले. माई म्हणाल्या, "तुम्ही त्या मंद स्क्रीनवर डोळे फोडत बसायच्या, मला झोप लागेना."

 नको, नको म्हणत राहिले. सरांनी ऐकलं नाही.

दिलीपने जोडला. एकदा फक्त माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही त्याच्याकडे. स्क्रीन चालू झाला, एवढा उजेड, अख्खी खोली पांढरी. सर म्हणाले, एखादं पान लावून दाखवा. लावलं. सर माझ्या मागे वाकून उभे.

"आता दिसतो ना कोपरा स्वच्छ?"

कोपराच नव्हता. पानाचा वरचा उजवा भाग नव्हता, आणि मधल्या ओळी धुरात होत्या.

"दिसतो सर," म्हटलं. "एकदम झकास."

दिलीप उठून स्वयंपाकघरात गेला. कपांचा आवाज येत राहिला, चहा काही आला नाही.

मग सरांनी पिशवीतून वह्या काढल्या. सात. वर रबर लावलेलं. स्वतःचं आयुष्य लिहिलंय त्यांनी, गावापासून. आजवर कोणाला दाखवलं नाही. "हे तुम्हीच करायचं, बाई. घाई नाही. वर्ष लागू दे, दोन लागू देत."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. ओठावर आलं होतं.

म्हटलं, "नाही सर. सातही वह्या आजच ठेवून जा. मला घाई आहे."

 माई हसल्या. सरांना म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं? नवा स्क्रीन आला की बाईंना हुरूप येईल."